शिवकांताबाईंचा बेल आणि मी जुना फवारा

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा बघू! आता माझ्या अंगाला औषधाचा वास येत नाही. मी युसूफ वडगावच्या शिवारातला, रेवणप्पांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला जुना फवारा आहे. रंग उडालेला, पट्टे सुतळीनं बांधलेले, आणि दांडा हलवला की कुरकुरणारा. कुरकुरायचा मला हक्कच आहे. कापसावर, तुरीवर इतकी वर्षं राबलो तो मीच.

केजच्या बाजारातून मला आणलं तेव्हा माझा तोरा काय होता! रेवणप्पांनी मला पाठीवर घेतलं की शिवारातल्या सगळ्या किडी थरथर कापतात, असं मला वाटायचं. पुढं बटन दाबलं की चालणारा चार्जिंगचा पंप आला आणि मी खुंटीला लागलो. त्याचंही एवढं दुःख नव्हतं. पण खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडींची, विहिरीवरच्या मोटारीचीसुद्धा पूजा व्हायची. मला मात्र रेवणप्पांच्या पत्नी, शिवकांताबाई, गोठ्याबाहेर काढायला लावायच्या. "ते विषाचं भांडं पूजेत नको," म्हणायच्या. मनाला फार लागायचं हो!

विहिरीजवळ त्यांचा लाडका बेल होता. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी स्वतः लावलेला. रोज सकाळी त्याची पानं महादेवाला वाहायची आणि बुंध्याशी मुंग्यांना पीठ-साखर घालायची, ही त्यांची रीत. सासूनं शिकवलेली, कधी चुकली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या बेलाला पिठ्या ढेकूण लागला. हा किडा मूळचा आपल्याकडचा नाही, परदेशातून आलेला पाहुणा. अंगावर पांढरी भुकटी, फांदीला चिकटून बसायचं आणि रस प्यायचा, एवढंच काम. बेलाची पानं गळाली, शेंडे वाळले. पलीकडंच रेवणप्पांची सीताफळाची बाग. पिठ्या तिकडं गेला असता तर बागेचं वाटोळंच!

"जालीम औषध मारतो," रेवणप्पा म्हणाले.

"औषधाची पानं देवाला वाहू का?" शिवकांताबाई कडाडल्या.

"मग तोडून जाळावं लागंल. एका झाडापायी बाग घालवू का? श्रावणाच्या आत पालवी फुटली न्हाई, तर कुऱ्हाड लावनार. सांगून ठेवतो!"

त्या दिवशी बाई बेलाखालून हलल्याच नाहीत.

मग त्यांची सून रुचिका पुढं झाली. "साबनाचं पानी मारून बघू. ह्यो जुना फवारा कशापायी टांगून ठेवलाय?" असं म्हणत तिनं मला उतरवलं, आणि सोडा घालून असं घासलं की माझ्या जन्माचा मळ निघाला. मी बेलावर साबणाचं पाणी सोडलं. काय सांगू मित्रांनो, पिठ्या पटापट खाली! मी खूश, बाई खूश. पण आठवडा गेला नाही तोच फांद्या पुन्हा पांढऱ्या. माझं तोंडच उतरलं.

रुचिकानं मात्र हाय खाल्ली नाही. ती झाडाखाली बसून नुसती बघत राहिली. बुंध्यावरून मुंग्यांची रांग लागलेली. तेवढ्यात एक लाल ढालकिडा फांदीवर उतरला. पिठ्या हे त्याचं खाणंच. पण मुंग्या अशा अंगावर धावल्या की बिचारा उडूनच गेला.

"आत्या, इकडं या की!" तिनं हाक मारली. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. "पिठ्या गोड पानी सोडतो, मुंग्या ते पितात. म्हनून त्याला राखतात, अन् त्याला खानाऱ्याला हाकलतात."

शिवकांताबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! म्हंजे चोराच्या राखनदाराला मीच रोज जेवू घालते!"

रेवणप्पांना हसू आवरेना. "अन् म्हनं मी झाडाचा वैरी!"

"हसू नका. मुंग्यांना उपाशी न्हाई ठेवनार मी. त्यांची पंगत लांबच्या बांधावर हलवते."

आणि हलवलीच. रेवणप्पांनी वाळके शेंडे छाटून जाळले, बुंध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ट्रॅक्टरचं ग्रीस फासलं. मुंग्या तिथपर्यंत यायच्या, मिशा हलवायच्या आणि माघारी फिरायच्या. मी पुन्हा पाणी सोडलं. उरलेल्या पिठ्यावर ढालकिड्यांनी मनसोक्त ताव मारला.

श्रावणाच्या तोंडावर रेवणप्पा कुऱ्हाड खांद्यावर टाकून आलेच. शब्दाचा माणूस! झाडाजवळ थबकले. टोपी मागं सारून वर बघत राहिले आणि एकदम ओरडले, "अगं ए, लवकर ये! बेल फुटलाय!" फांदीफांदीवर कोवळी, तुकतुकीत पानं होती. शिवकांताबाई पळत आल्या, आणि चक्क रडायलाच लागल्या. रुचिकाच्या पाठीवर मीसुद्धा टपटप गळत होतो. वॉशर जुना झालाय, दुसरं काही नाही.

मग खंडेनवमी आली. सवयीनं रेवणप्पा मला बाहेर न्यायला लागले.

"त्याला कुटं नेता? मधी ठेवा," शिवकांताबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पोटावर भस्माचे पट्टे ओढले आणि झाकणावर त्या बेलाचं पान ठेवलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, झाडाला कीड दिसली की लगेच औषधाच्या बाटलीकडं धावू नका. आधी झाडाखाली बसा. कोण चढतंय, कोण उतरतंय, बघा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना धुऊनपुसून ठेवत जा.

ते पान अजून माझ्या झाकणावर आहे. पार वाळलंय. पण कुणी काढायला आलं की मी असा कुरकुरतो म्हणता!