तिसरा पत्रा

"गॅस वेल्डिंगनं सरळ ओढून घे की एकसलग. दुपारपर्यंत मोकळी होशील."

बाबांनी हे पुन्हा सांगितलं, तेव्हा लेकीने ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "बाबा, हा पत्रा तसला नाही."

"पत्रा म्हणजे पत्रा. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून जोडतोय मी."

"तेच म्हणतेय. तेव्हाचा पत्रा वेगळा होता."

"आणि तेव्हा तू उलट बोलत नव्हतीस!"

"तेव्हा मला दात नव्हते, बाबा."

गाडीपलीकडे कोणीतरी खुसखुसलं. ते रंगारी काका. रंग हातावर मखमलीसारखा लागला पाहिजे असं सतत म्हणायचे, म्हणून सगळं गॅरेज त्यांना मखमलकाका म्हणायचं. बापलेकीचं भांडण म्हणजे त्यांची फुकटची करमणूक.

मधोमध निळी गाडी स्टँडवर चढवलेली होती. चौकात कोणीतरी बाजूने येऊन धडकलं होतं. डावीकडचा चेपलेला पत्रा मागच्या दारापासून डिकीपर्यंत कापून काढला होता आणि नवा पत्रा भिंतीला टेकून उभा होता. मागच्या सीटवर, बरोबर त्याच बाजूला, लहान मुलाच्या खुर्चीचे दोन खोल ठसे आणि फटीत बिस्किटाचा भुगा. आदल्या दिवशी गाडीवाली आपल्या लेकीला कडेवर घेऊन ती खुर्ची न्यायला आली होती. पोरीने उघड्या पडलेल्या लोखंडावर तळहात ठेवून विचारलं होतं, "हिला बाऊ झाला?" बाबांच्या वेल्डिंगवाल्या लेकीने "हो गं, आता बरी करू," असं सांगून टाकलं. सांगताना सोपं वाटलं होतं.

तिची स्वतःची लेक अजून रांगतसुद्धा नव्हती. दुपार झाली की चामड्याच्या एप्रनखाली छाती भरून यायची आणि ती धावत घरी जाऊन पाजून यायची. त्यामुळे ती खुर्ची तिला नुसती खुर्ची दिसत नव्हती.

"हे बघा," तिने बाबांना हाताला धरून खांबापाशी नेलं. "बाहेरचा पत्रा साधा आहे. पण दारामागचा हा खांब कडक पत्र्याचा. धडक हा अंगावर घेतो. गॅसची ज्योत फिरवली की आजूबाजूचा वीतभर पत्रा तापून मऊ पडणार. सांधा दिसेल दणकट, पण उद्या कोणी ठोकलं तर सांध्याशेजारीच वाकेल. स्पॉट वेल्डिंगचा चिमटा दोन्ही पत्रे दाबून धरतो, मधला ठिपका तेवढा वितळतो. बाकीच्याला झळ लागत नाही."

"ठिपक्यांवर गाडी उभी राहणार? बटणं लावतेस की काय सदऱ्याला?"

"फाडून दाखवते."

कापून काढलेल्या भागातून तिने दोन पट्ट्या कापल्या, घासून चकचकीत केल्या, एकीवर एक ठेवून स्पॉट मारले. मग शिकंज्यात अडकवून छिन्नीने फाडल्या. ठिपका सुटला नाही. शेजारचा पत्राच फाटला आणि ठिपका दुसऱ्या पट्टीला चिकटून राहिला. बाबांनी तो अंगठ्याने चाचपला, भुवया उंचावल्या, आणि "मार मग," एवढंच म्हणून बाहेर गेले. मखमलकाका कुजबुजले, "याला तुझ्या घराण्यात शाबासकी म्हणतात."

तिने नवा पत्रा जागेवर बसवला, क्लँप लावले, दाराची फट वरपासून खालपर्यंत बोट फिरवून जुळवली आणि एकेक स्पॉट मारत गेली. डोक्यात आता दुसरं काही नव्हतं. काम संपलं तेव्हा मखमलकाकांनी पुट्टी लावायला पत्रा पुसायलासुद्धा घेतला होता.

"थांबा हं काका. एकदा छिन्नी घालून बघते."

कडेने ती पातळ छिन्नी घालत गेली. सगळीकडे घट्ट. खांबाच्या पायथ्याशी मात्र छिन्नी सुळकन आत गेली. वरचे दोन पत्रे एकजीव झाले होते, आतली पट्टी तशीच मोकळी होती. पायथ्याशी तीन पत्रे एकत्र येतात. तिने चाचणी दोनांवर घेतली होती, आणि मशीनही दोनांपुरतंच लावलेलं होतं.

बाबा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. काका पाठमोरे. वर पुट्टी, मग रंग, मग आतून अस्तर. पुन्हा ती फट कोणाच्या बापाला दिसणार नव्हती. तिने एकदा मागच्या सीटवरच्या त्या ठशांकडे पाहिलं आणि बाहेर हाक मारली, "बाबा, इकडे या. माझं चुकलंय."

बाबांनी वाकून छिन्नी आत-बाहेर करून पाहिली. "तीन आहेत इथे."

"हो. मी दोन धरले."

"मग आता तरी गॅस?"

"नाही."

"अगं, हट्ट किती करशील!"

"हट्ट नाही. आधी तीन फाडून बघू."

या वेळी तीन पट्ट्या. मशीनचा जोर शेवटापर्यंत वाढवला, तरी त्या जुन्या चिमट्याचा दाब तिसऱ्यापर्यंत पोचेना. छिन्नी लावताच खालची पट्टी सुटून आली. तिने ती बाजूला फेकली. पायथ्याला स्पॉट चालत नाही, तर तिथे मिग, म्हणजे तार वितळवून भरायचं वेल्डिंग. या गाडीच्या कंपनीलाही ते चालत होतं: चिमटा पुरत नसेल तिथे वरून भोक पाडायचं आणि भोक भरायचं.

"एकाच मापाचं भोक पाडू नकोस," बाबा शिकंज्याशी येऊन उभे राहिले. "वरच्याला मोठं, मधल्याला लहान. मग तारेला तिघांच्या कडा सापडतात. आणि सलग भरू नकोस. एक इथे, एक तिथे. मध्ये गार होऊ दे. कडक पत्रा आहे ना तुझा?"

"माझा कसला, त्या पोरीचा आहे," ती म्हणाली.

तिने तीन नव्या पट्ट्या घेऊन तसं भरलं. गार झाल्यावर हातोडी बाबांनीच घेतली. पहिल्या घावाला काही नाही. पाचव्या-सहाव्याला पत्रा कुरकुरत फाटला, भरलेली भोकं जशीच्या तशी. बाबांनी फाटलेली पट्टी उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"हे धरेल," ते म्हणाले. "पण मारलेले स्पॉट खोदून पायथा मोकळा करावा लागेल. एक दिवस गेला."

"गेला तर गेला."

"अरे, माझा रंग कालवून झालाय!" मखमलकाका ओरडले.

"झाकून ठेवा, काका. सुकला तर मी ढवळून देईन."

तिने गाडीवालीला फोन लावला. "ताई, उद्या नाही मिळणार गाडी. एका जागी माझा अंदाज चुकला, ते पुन्हा करतेय." गाडीवाली म्हणाली, "पाळणाघर लांब आहे हो... बरं. बसने जाईन. तुम्ही नीट करा."

"नीटच करतेय," ती म्हणाली. फोन ठेवला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिल्या स्पॉटवर ड्रिल टेकवलं. बाबांनी पलीकडून पत्रा दाबून धरला.