सात किलोंचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि मी एका माणसाला खोटं सांगितलं आहे. वजनकाट्याच्या हातून याहून वाईट काही घडू शकत नाही.

माझ्या अंगात एक स्प्रिंग, एक आकड्यांची तबकडी आणि एक लाल काटा. कडेला खाली एक दातेरी चाक आहे. माझ्यावर कोणी उभं नसताना काटा शून्यावर आणायला ते असतं. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी ते चाक फिरवलं, शून्य नीट आलं का ते वाकून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी रिकामा असताना माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यामुळेच घडलं.

पहिली नऊ वर्षं मी एका घरी न्हाणीघराच्या दाराशी होतो. लोक चढायचे, आकडा बघायचे आणि मला शिव्या द्यायचे. खाल्लं त्यांनी, सुटले ते, आणि बिघडलेला कोण, तर मी. एके दिवशी एकाने लाथ मारली आणि मी भंगारात पोचलो.

भंगारवाल्याचा डावा हात पत्रा कापायच्या यंत्रात कोपरापासून गेला होता. त्यांना सगळे मामा म्हणत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते व्यायामाच्या वर्गाला जात. हात किंवा पाय गमावलेली सातआठ माणसं तिथे गोल खुर्च्या मांडून बसत आणि वर्ग चालवणाऱ्या ताई त्यांच्याकडून कसरत करून घेत. ताईंकडे एकच काटा होता, पांढरा. त्यांना दोन हवे होते. मामा म्हणाले, "माझ्या ढिगात एक पडलाय. तोंड वाकडं आहे, पण बोलतो खरं."

मला आयुष्यात मिळालेलं पहिलं कौतुक ते.

दोन काटे कशाला, ते सांगतो. नवा पाय लावलेला माणूस त्या पायावर भार टाकत नाही. खाली जमीन आहे हे त्या पायाला कळत नाही, मग माणसाला कुठून कळणार? तो सगळं अंग चांगल्या पायावर तोलतो. दिसतं उभा आहे, पण खरं तर एका पायावर लटकलेला असतो. म्हणून चांगला पाय पांढऱ्यावर, नवा पाय माझ्यावर. जमीन आहे की नाही, हे त्या पायाच्या वतीने मी सांगायचं. पाय नवा, माणूस घाबरलेला, त्यामुळे माझा काटा सारखा थरथरत असे. आठ वर्षं मी ती थरथर अंगात घेऊन जगलो. तुम्ही म्हणाल सवय झाली असेल. नाही झाली.

वर्ग मजेचा होता, हेही सांगायला हवं. एका आजींचं पाऊल साखरेच्या आजाराने गेलं होतं. खुर्चीवरून उठबस करताना मोठ्याने मोजायचं काम त्यांच्याकडे. "पाच, सहा, नऊ, दहा. झालं."

"आजी, सात आणि आठ कुठे गेले?" ताई विचारत.

"ते घरी करते."

अधूनमधून पाहुणे येत. टाळ्या वाजवत, डोळे पुसत, फोटो काढत. माणूस खुर्चीवरून उठला की त्यांना शौर्य दिसे. उठलेल्या माणसाला काम कोण देणार, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. मला तेव्हा वाटे, यांच्यापैकी कोणीतरी माझ्यावर उभं राहावं आणि माझी स्प्रिंग तुटून त्याच्याही पायाखालची जमीन जावी.

मग कारागीर आले. हे न्हावी. गुडघ्याखाली उजवा पाय गेलेला, एका गाडीखाली. दुकान त्यांचं आणि त्यांच्या मेहुण्याचं, दोघांचं मिळून. बावीस वर्षं ज्या खुर्चीमागे उभे राहिले, तिथे आता मेहुण्याने दुसरा माणूस लावला होता. कारागीर बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत.

"मेहुणा काय म्हणतो?" मामांनी एकदा विचारलं.

"म्हणतो, दाजी, तुम्हाला पगार देतोच आहे ना, आराम करा. मी म्हटलं, मला आराम नको, खुर्ची दे. तर म्हणतो, त्या पायावर निम्मं वजन पडतं अशी ताईंची चिठ्ठी आणा. हातात वस्तरा असतो, दाजी, गिऱ्हाइकाची मान असते."

"बोलतो खरं," मामा म्हणाले.

कारागिरांचं वजन अडुसष्ट. म्हणजे माझ्यावर चौतीस पडायला हवं. पहिल्या महिन्यात मी वीस दाखवले, तिसऱ्यात सत्तावीस. मग आकडा हलेना. ते घाम गाळत, दात खात, आरशात बघत. सत्तावीस. घरी परत टॉवेल.

एका शुक्रवारी ते सगळ्यांच्या आधी आले. खोलीत कोणी नव्हतं. काठी भिंतीला टेकवली, कसेबसे खाली बसले आणि त्यांनी माझं चाक फिरवलं. माझ्यावर कोणी नव्हतं, धूळसुद्धा नव्हती, आणि माझा काटा सातावर उभा राहिला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. येत असतं तर सगळा मजला गोळा केला असता.

वर्ग भरला. ताईंनी वाकून पाहिलं. चौतीस. त्यांनी पांढऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतक्या त्या हरखल्या. चिठ्ठी तिथेच लिहून दिली. आजींनी साखर नसलेल्या गोळ्या वाटल्या. मामा मात्र आळीपाळीने दोन्ही तबकड्यांकडे बघत होते. पांढऱ्यावर एक्केचाळीस होते. बघितलं, आणि मिशीत हसून गप्प बसले.

पुढच्या शुक्रवारी दारात मेहुणा उभा. मागे कारागीर, खाली मान घालून.

"ताई, तुमच्या चिठ्ठीवर आम्ही विश्वास ठेवला. तिसऱ्या गिऱ्हाइकाला चांगला पाय भरून आला आणि दाजी कलंडले. त्या माणसाच्या कानाला चार टाके पडले. वस्तरा घशाशी असता तर?"

ताईंचा चेहरा उतरला. "चौतीस मी स्वतः वाचले होते."

"बरोबर वाचले," मामा म्हणाले. "काटा मारलेला होता. बेरीज पंच्याहत्तर होत होती. एका आठवड्यात सात किलो बाळसं कोणी धरत नाही. मी उभा जन्म भंगार तोलताना तेच केलं, मला कळणार नाही? वाटलं, आपला माणूस आहे, लागू दे त्याचं काम. तोंड बंद ठेवलं."

कारागीर म्हणाले, "मीच फिरवलं चाक. टॉवेल घडी करून वेड लागायची वेळ आली होती."

"आणि मी रिकामा काटा बघितलाच नाही," ताई म्हणाल्या. "निम्मी चूक माझी आहे. पण चिठ्ठी आता मिळणार नाही. चाक जागेवर आणा."

कारागीर खाली बसले. चाक उलटं फिरवलं आणि शून्य आलं का ते वाकून पाहिलं.

त्या दिवसापासून ताईंनी कसरत बदलली. कारागिरांनी दोन्ही काट्यांवर उभं राहायचं आणि फुग्याला साबणाचा फेस लावून वस्तऱ्याने तो काढायचा. तोल गेला की फुगा फुटे आणि सगळ्यांच्या तोंडावर फेस. आजी फुटलेले फुगे मोजत, आणि यातला एकही आकडा गाळत नसत. पहिल्या दिवशी नऊ फुटले. फुग्याकडे लक्ष असल्यामुळे कारागीर पायाला विसरू लागले, आणि मी एकोणतीस दाखवले, मग एकतीस. दोन महिन्यांनी एक शुक्रवार असा गेला की एकही फुगा फुटला नाही.

"आता मेहुण्याला बोलवा," कारागीर म्हणाले. "चिठ्ठी नको. त्याला डोळ्यांनी बघू दे."

मेहुणा आला. आजी म्हणाल्या, फुगा आणा. मामांनी खुर्ची ओढली, दोन काट्यांच्या पुढ्यात बसले आणि मान मागे टाकली. "फुग्याला काय कळतंय? माझी दाढी कर. मी गप्प बसलो होतो ना."

मेहुणा गुडघ्यांवर बसला. त्याने आधी मला रिकामं पाहिलं. पांढऱ्याला पाहिलं. दोन्हीकडे शून्य. मग म्हणाला, "चढा, दाजी."

वस्तरा मामांच्या गळ्यावरून वर गेला. माझ्यावर तेहतीस, चौतीस, बत्तीस, पुन्हा तेहतीस. काटा एकदाही स्थिर नव्हता, पण तिशीखाली एकदाही उतरला नाही. वस्तरा मात्र हलला नाही. शेवटी मेहुण्याने माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि दाजींच्या हाताकडे बघत राहिला.

"उद्या लवकर या," एवढंच तो म्हणाला. "टॉवेल मी करीन."

त्यानंतर वर्गात आकडे उजळून दिसणारे नवे काटे आले. मी खिडकीखाली गेलो. माझ्यावर कोणीतरी व्यायामाचा जड चेंडू ठेवला आहे. दिवसरात्र माझा काटा दोनावर आहे. आधी कारागीर महिन्यातून एकदा यायचे. चेंडू उचलायचे, वाकून शून्य बघायचे, मग उभे राहायचे. मागचे तीन महिने ते आलेले नाहीत. मामा सांगत होते, दुकानात रांग असते, त्यांच्याच खुर्चीसाठी. मला राग यायला हवा, पण येत नाही. चेंडूचा मात्र येतो.

मित्रांनो, तुम्ही कधी त्या खोलीत आलात तर टाळ्या वाजवू नका. तो चेंडू उचला, वाका आणि मी रिकामा असताना काय दाखवतो ते बघा. शून्य नसेल, तर चाक खाली आहे.