कडवट पाक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हंडा आहे. क्वेबेकच्या टेकड्यांवर, मेपलच्या रानातल्या एका लाकडी खोपटात माझा जन्म गेला. माझा मालक म्हातारा ओनेझीम, त्याच्या आजोबांनी मला बर्फावरच्या घसरगाडीतून इथे आणलं. मेपलच्या खोडाला भोक पाडून रस काढायचा नि आटवायचा, ही कला इथल्या मूळच्या लोकांची. ते म्हणे सालीच्या भांड्यांत रस ओतून तो उकळायला तापलेले दगड टाकत. मग आम्ही हंडे आलो. चाळीस बादल्या रस माझ्यात आटावा, तेव्हा कुठे बादलीभर पाक हाती लागे. बर्फावर ओतलेला पाक काडीला गुंडाळून खाताना पाहुणे माझं कौतुक करत.

एका वर्षी मार्च अर्धाच सरला होता. ओनेझीमने पाक चाखला आणि थुंकून टाकला.

"सूनबाई, हंडा साबणाने घासलास?"

"नाही हो मामंजी. नुसतं गरम पाणी."

"शहरातली तू. तुम्हाला साबणाशिवाय चैन पडतं होय?"

नवी सून क्लेमांस बादल्या उचलून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मला स्वतः वाळूने घासलं आणि समोर ठाण मांडलं. क्लेमांस लाकडं सारायला वाकली, तरी त्याची नजर तिच्या हातांवर. तिला खिसेसुद्धा उलटे करून दाखवायला लावले. खरं सांगतो, मलाही तिचा संशय येऊ लागला.

पाक पुन्हा कडवटच निघाला.

"आज तर मी हंड्याला हातही लावला नाही," ती म्हणाली.

"मग बादल्यांत काहीतरी टाकलंस!"

क्लेमांसने शाल उचलली. "मी माहेरी चालले. का, ते तुमच्या मुलाला तुम्हीच सांगा."

ती निघाली, तसा म्हाताराही तणतणत झाडांना टांगलेल्या बादल्या तपासायला बाहेर पडला. उघड्या दारातून मला दिसलं. त्याने एक फांदी खाली ओढली आणि तो तसाच उभा राहिला. फांदीवरचे कोंब लाल होऊन फुगले होते. रात्रीचा गारठा त्या वर्षी लवकर संपला होता. झाड पालवीच्या तयारीला लागलं, की रसाची चव जातेच.

"क्लेमांस! अगं थांब! झाडंच फुटलीत. माझेच डोळे फुटले होते."

ती थांबली. वळली मात्र नाही.

"आणि माझे खिसे, मामंजी?"

म्हाताऱ्याने टोपी काढली.

ती घरी परतली, पण तो असेतो तिने या खोपटात पाऊल टाकलं नाही. दर वसंतात तो एकटाच माझ्यापाशी बसे आणि चव दाखवायला कुणी आहे का, म्हणून दाराकडे बघे. आता रस आटवायला पत्र्याच्या रुंद पराती आल्यात. मी कोपऱ्यात पालथा पडून गंजतो आहे.

मित्रांनो, जमलं तर मला कधीतरी तेलाचा हात लावा. आणि पाक बिघडला, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा वर झाडाकडे बघा.