जिभेखालचा मणी

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. इतवारीच्या सराफ्यात माझं दुकान. तिथं मनोहरराव म्हटलं की लोक आधी खिसे चाचपतात, अशी माझी चेष्टा व्हायची. होऊ द्या. भोळ्या सोनाराचं दुकान मी तरी अजून चाललेलं पाहिलं नाही.

दुकानामागच्या खोलीत माझे चार कारागीर बसत. गादीवरून चौघंही दिसतील अशी मी बैठकच मांडली होती. नियम साधे होते. जाताना टबात हात धुवायचे, कपडे झटकायचे, चूळसुद्धा टबातच टाकायची. ते पाणी मग झारेकऱ्याकडे जायचं, तो त्यातले सोन्याचे कण काढायचा. मधे उठायचं नाही. पाणी प्यायला दिवसातून दोनदा, तेही मी हो म्हटल्यावर. नागपूरचा उन्हाळा, समोर शेगडी, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण उठणारा माणूस काय घेऊन उठला हे कोणी सांगावं?

चौघांत कवडू जुना. माझ्या वडिलांच्या काळापासूनचा, सतरा वर्षं आमच्याकडे बसणारा. एकदाणीचे मणी करावेत तर त्यानंच. एकदाणी म्हणजे आमच्याकडे बायकांच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची सर. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये हिंगण्याकडच्या चंपतराव पाटलांनी मुलीच्या लग्नासाठी एक करायला टाकली. कवडूनं मणी करून दिले, मी ओवायला घेतले, तर एक मणी कमी. जवारीच्या दाण्याएवढा.

खोली झाडली, शेगडीतली राख चाळली, चटया उलट्या केल्या. मणी नाही. कवडूनं दुसरा करून दिला, एकदाणी वेळेवर गेली. पण माझ्या डोक्यातून तो पहिला मणी काही जाईना.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कवडूकडे पाहत होतो. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, डब्यात भाकर आणि अंबाडीची आंबट भाजी दिली होती. पहिला घास त्यानं तोंडात घातला आणि उजव्या बाजूला, जबड्याच्या हाडाखाली, फुगवटा आला. चांगला लिंबाएवढा. त्यानं तिथं हात दाबून धरला आणि डोळे मिटले. तासाभरानं पाहिलं तर जबडा सपाट.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. सकाळी काही नाही, जेवायला बसला की फुगवटा, मग हळूहळू गायब. तुम्ही असता तर काय समजला असता? मी समजलो की हा माणूस तोंडात काहीतरी ठेवतो आणि जेवताना ते गालातून खाली सरकवतो.

संध्याकाळी तो चूळ भरायला आला तेव्हा मी कंदिलासारखा टॉर्च धरून उभा राहिलो.

"कवडू, आ कर."

"काहून मालक?"

"कर म्हटलं ना."

त्यानं आ केला. गालात काही नव्हतं. जीभ वर करायला लावली. जिभेखाली, उजवीकडे, ओल्या लाल मांसात एक पिवळसर ठिपका दिसला. मी बोट घालून दाबलं. आत टणक होतं. दाणा होता! आणि वर कातडी सपाट, बंद.

कवडू कळवळला. "दुखते मालक. गाठ आहे थे. जेवाले बसलो का फुगते."

मी त्याला जाऊ दिलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शेजारच्या दुकानाचे वामनराव मुंबईच्या स्मगलरांच्या गोष्टी मीठमसाला लावून सांगत. मांडीची कातडी चिरून आत सोन्याची पट्टी घालतात, वर टाके मारतात म्हणे. मांडीत पट्टी जाते, तर जिभेखाली मणी का जाणार नाही? आणि सोनाराएवढा सफाईचा हात दुसऱ्या कुणाचा?

सकाळी मी वामनरावांना सांगितलं. फक्त वामनरावांना, आणि कुणाला सांगू नका असंही बजावलं. सराफ्यात याचा अर्थ काय होतो ते मला चांगलं ठाऊक होतं, ते आता नाकारत नाही. दोन दिवसांत पानठेल्यावर कवडू आला की लोक बोलायचे थांबू लागले. बाकीच्या तिघा कारागिरांनी आपापली कामाची पाटी त्याच्यापासून हातभर दूर सरकवली. सोनकामात एकदा माणसाचं नाव गेलं की त्याला शेगडी पेटवायलाही कोणी बोलवत नाही. कवडूला दुसरं काही येत नव्हतं. वय झालं होतं बेचाळीस.

तो एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मालक, लोक काहीबाही बोलून राहिले. तुमी तं मले ओळखता."

"हो गा," मी म्हणालो. "आधी तुझी ती गाठ डॉक्टरले दाखवू. मी येतो संगं."

त्याचे डोळे भरून आले. मालक स्वतः दवाखान्यात नेतो म्हणतो, यापलीकडे त्याला काय हवं होतं! आणि माझ्या मनात काय होतं? डॉक्टरच्या हातानं मणी बाहेर काढायचा. पंचनामा फुकटात.

सदर भागात डॉक्टर अरुंधतीबाईंचा दाताचा दवाखाना होता. सायकलरिक्षातून गेलो. कवडू धुतलेला सदरा घालून आला होता. वाटेत तो मला म्हणाला, "घरी सांगितलं मालक. पंचफुला म्हणे, असा मालक कोनाले भेटते?" मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली ठेवून चाचपलं, आणि हसल्या. "जेवतानाच फुगतं ना? आंबट खाल्लं की जास्त?"

"होय बाई. तुमाले कसं समजलं?"

"लाळेची वाट अडली आहे." त्या मग मलाच सांगू लागल्या, बहुधा माझा चेहरा पाहून. तोंडाला लाळ पुरवणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानापुढं, एक जिभेखाली, एक जबड्याच्या हाडाखाली. दिवसाकाठी लिटरभर तरी लाळ त्या करतात. ती रक्तातलंच पाणी घेऊन बनते. घास तिच्यानं भिजतो, गुळगुळीत होतो, तेव्हाच घशाखाली उतरतो.

"भाकर पुष्कळ वेळ चावली की गोड लागते, लक्षात आलंय कधी? पिठाची साखर करायला लाळ तोंडातच सुरुवात करते. पोटाचं काम इथूनच सोपं होतं."

"आणि फुगते कशानं?" मी विचारलं. मला भाकरीशी काही देणंघेणं नव्हतं.

"जबड्याखालच्या ग्रंथीची नळी वर चढून जिभेखाली उघडते. लाळेला चढ चढावा लागतो, आणि ही लाळ जरा दाटही असते. तिच्यातले क्षार एखाद्या जागी साचतात, थरावर थर बसतो आणि खडा होतो. एरवी लाळ थेंबथेंब येते, खड्याच्या बाजूनं निघून जाते. जेवण समोर आलं की ती एकदम सुटते. वाट बंद, मग ग्रंथी फुगते. जेवण झालं की हळूहळू झिरपून उतरते."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला ते पटलं नाही. डॉक्टर सरळ मनाच्या बाई. त्यांना सोनार कुठं माहीत?

"पाणी किती पितोस रे?" त्यांनी कवडूला विचारलं. "भट्टीपुढं बसून अंगातलं पाणी असं आटवलं तर लाळ आणखी दाट होते. त्यानंही खडा धरू शकतो."

कवडूनं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. "कामात ध्यानातच राहत नाही बाई," तो म्हणाला.

त्यानं माझी बाजू राखली. तेव्हा तरी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं ते वेगळंच. मालकाला इतकं सांभाळून घेतो, म्हणजे नक्कीच काही दडवतोय.

बाईंनी लिंबू कापलं. त्याच्या नुसत्या वासानं माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. कवडूच्या जिभेला फोड लागलीही नव्हती तोच त्याचा जबडा माझ्या डोळ्यांदेखत फुगू लागला. बाईंनी सुई टोचून जागा बधिर केली, जिभेखाली बारीक चीर दिली आणि जबडा खालून वर दाबत नेला. घट्ट पांढरट लाळ भसकन आली, मग थोडं रक्त, आणि स्टीलच्या ताटलीत काहीतरी टणकन पडलं.

पिवळा दाणा. जवारीएवढा.

बाई कापूस घ्यायला वळल्या तेवढ्यात मी तो उचलला, खिशातून कसोटीचा दगड काढला आणि त्यावर घासला. हो, मी कसोटी घेऊन गेलो होतो. तेजाबाची बाटलीसुद्धा दुसऱ्या खिशात होती. ती लागलीच नाही. दगडावर खडूसारखी फिकट रेघ उमटली, आणि अंगठा फिरवताच पुसली गेली.

मान वर केली तर दोघंही माझ्याकडे पाहत होते. बाईंना काही कळलं नव्हतं. कवडूला सगळं कळलं होतं. सतरा वर्षं सोनकाम केलेल्या माणसाला कसोटी कशासाठी काढतात हे सांगावं लागत नाही. कित्येक महिन्यांनी मोकळी झालेली लाळ त्याच्या ओठांवरून हनुवटीवर वाहत होती आणि तो ती पुसतही नव्हता.

मग तो म्हणाला, "याच्यासाठी आनलं होतं का मले?"

परत येताना तो रिक्षात बसला नाही. सदरहून इतवारीपर्यंत पायी आला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, हे त्याचे उपकार. मी पाण्याचा माठ खोलीतच आणून ठेवला. त्यानं त्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी एवढंच बोलला, "वामनरावले जसं थे सांगितलं, तसं हेबी सांगा. एवढं करा मालक."

मी गेलो. खडा दाखवला, ग्रंथी सांगितली, लिंबू सांगितलं. वामनरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थे बराबर आहे गा मनोहरराव. पन मंग मनी गेला कुठं?"

पानठेल्यावर गेलो, तिथंही तोच प्रश्न. तोंडात नव्हता एवढंच सिद्ध झालं होतं. मी लावलेला डाग माझ्याच्यानं निघेना, आणि मला खरोखर वाईट वाटू लागलं. जेवण जाईना. कवडू मान खाली घालून मणी करायचा, आणि बाकीचे तिघं अजून हातभर दूरच बसायचे.

मग रविवारी, दुकान बंद असताना, मी मागच्या खोलीत बसून शेगडी पेटवली. वीस वर्षांत हत्यार धरलं नव्हतं. बोट भाजलं, दोन मणी बिघडले, तिसरा साधला. जवारीएवढा.

सोमवारी सकाळी मी आरडाओरडा केला. "सापडला! माझ्याच गादीच्या शिवणीत होता!" वामनराव धावत आले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला आंधळा म्हणत बाजारभर हसत सुटले. हसू दिलं. कारागिरांनी कवडूच्या पाठीवर थापा मारल्या, पाट्या पुन्हा जवळ सरकल्या. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

कवडू हसत हसत माझ्याजवळ आला. "पाहू द्या तं," म्हणाला.

त्यानं मणी चिमटीत धरून खिडकीकडे नेला. फिरवला. त्याचं हसू थांबलं. तो परत आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"हा माझा नाही मालक. मी भोकाची कड आत वळवतो. याची भाईर आहे. तुमच्या हातचा आहे हा."

मी गादीच्या शिवणीकडे पाहिलं.

"म्हंजे मनी सापडलाच नाही. तुमी मले माफ करून राहिले."

"तसं नाही गा कवडू. तुझं नाव..."

"माफ चोराले करते मालक. मी काय केलं होतं?"

त्याला एकच वाक्य हवं होतं. तुझ्यावर माझा विश्वास आहे. ते मला म्हणायचंही होतं, अगदी मनापासून. पण त्याच क्षणी मनात आलं, एका नजरेत कसं ओळखलं यानं? खरा मणी कुठं आहे हे ठाऊक असल्याशिवाय? विचार पापणी लवेपर्यंतच टिकला असेल. पण कवडू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि सतरा वर्षांत तो चेहरा त्याला पाठ झाला होता.

त्यानं मणी माझ्या तळहातावर ठेवला. जाऊन आपली हत्यारं गोळा करू लागला. त्याला थांबवायला हवं होतं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. आणि तो एकेक हत्यार फडक्यात ठेवत असताना, त्यात आणखी काही जात नाही ना, हे मी पाहत होतो.