पंधरा बंदुकांचा एक बार

उपास धरलेल्या बाईनं उन्हातान्हात धुळीत बसून घोडे कसले बघायचे, असं आमच्या वस्तीतल्या बायका मला विचारतात. मी हसते. पहाटेची तसबीह, मण्यांवरचा जप, मी चुकवत नाही, सोमवार-गुरुवारचा रोजा मोडत नाही, आणि उरुसातली घोड्यांची स्पर्धाही सोडत नाही. माझ्या मनात या गोष्टी कधी वेगळ्या पडल्याच नाहीत.

आमच्या दुक्काला मुलखातल्या मैदानात पंधरा स्वार एका रांगेत उभे राहतात. तुकडीच्या म्होरक्यानं, मुकद्दमानं, हाळी दिली की घोडे सुटतात, धावतात, आणि मैदानाच्या टोकाला सगळ्यांनी मिळून बार काढायचा. कोणाचा घोडा पुढे गेला याला किंमत नाही. पंधरा बंदुकांचा आवाज एक आला पाहिजे. परीक्षक डोळे मिटून बसले तरी चालतील, कान उघडे हवेत.

आमच्या तुकडीचा मुकद्दम माझा भाऊ बूशाईब. त्याच्या उजव्या हाताची तिसरी जागा माझ्या नवऱ्याची, मआतींची. ते गेल्यावर ती माझ्या जिलालीला मिळाली. बापाचंच खोगीर, बापाचीच बंदूक.

बुधवारच्या फेरीत आवाज दोन आले. एक चौदा जणांचा, आणि त्याच्यावर चढलेला एक. तो कोणाचा, हे सगळ्या मैदानाला कळलं, कारण पोरांनी जिलालीच्या नावानं शिट्ट्या मारल्या. त्यानं तुकडीनं वाटून दिलेल्या बारुदीवर आपली आणखी चिमूट घातली होती.

संध्याकाळी बूशाईब आमच्या तंबूत आला. चहाही घेतला नाही.

"भाच्या, तोफ डागायची असेल तर सैन्यात जा."

"मामा, लोकांना आवडलं ते."

"लोकांना भांडणंही आवडतात. उद्या तुझा आवाज वेगळा आला तर घोड्यावरून उतरायचं. मआतीच्या जागी दुसरा बसेल. बहिणीकडे बघून गप्प बसणार नाही मी."

तो गेल्यावर जिलाली मला म्हणाला, "यम्मा, माझा बार वेगळा कळलाच नाही तर मी तिथं आहे तरी कशाला?"

मला आमच्या मशिदीतलं पठण आठवलं. मगरिबच्या, दिवस मावळतानाच्या नमाजानंतर पुरुष गोल बसून एका सुरात कुराण वाचतात. आम्ही बायका पडद्यामागून ऐकतो. एखाद्याचा गळा गोड असला आणि तो वर चढायला लागला, की पठण घेणारे फकीह त्याच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवतात. सूर खाली येतो. हे मी त्याला सांगितलं. तो घोड्याचा लगाम पुसत राहिला. ऐकलं की नाही, देव जाणे.

गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखं घोड्याच्या कपाळाला मेंदीचं बोट लावलं, जिलालीच्या हातांवर नारंगीफुलांचं पाणी शिंपडलं.

दुपारी मी आणि शेजारीण तामू बांधावर बसलो. तामूनं उकडलेली अंडी सोलायला घेतली.

"रक्किया, तू खात नाहीस तर तोंड तरी तिकडे कर. माझ्या घशाखाली उतरत नाही."

"तिकडेच आहे. घोडे तिकडे आहेत."

"तुझे ओठ हलतायत. पोरगा जिंकावा म्हणून मागतेस ना?"

"त्याची जागा राहावी म्हणून मागते."

"जागा म्हण नाहीतर जिंकणं म्हण, मागणं ते मागणंच," तामू म्हणाली आणि अंड्याला मीठ लावलं.

बूशाईबची हाळी आली. घोडे सुटले. पांढऱ्या कपड्यांची ती रांग धुळीतून पुढे येताना माझ्या हातातले मणी थांबले. बंदुका वर उठल्या, खाली आल्या, आणि बार झाला. एकच. दार लावल्यासारखा. मी कान देऊन माझ्या मुलाचा बार शोधत होते, आणि तो सापडला नाही. डोळ्यांत पाणी आलं.

"झालं की गं," तामू म्हणाली. "बुधवारचं गाढव गुरुवारी माणूस झालं."

शेवटच्या फेरीपूर्वी जिलाली पाणी प्यायला बांधाशी आला. तामूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे, आज तुझा पत्ताच लागला नाही."

तो हसला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याचे हात मोकळे व्हावेत म्हणून बंदूक धरायला घेतली. मआतींची बंदूक मी वर्षानुवर्षं अशीच धरली आहे. फेरी करून आलेल्या बंदुकीची नळी चटका देते, म्हणून मी पदराची घडी करून धरली. मग घडी सोडून बोटं टेकवली.

नळी गार होती.

मी त्याच्याकडे बघितलं. तो तांब्यात बघत होता.

"बारूद पेटली नाही का?" मी हळूच विचारलं.

"भरलीच नव्हती." तांब्या खाली ठेवून म्हणाला, "मामाला माझा आवाज नको होता ना? नाही आला."

तामूनं हातातलं अंडं खाली ठेवलं.

मला राग आला नाही. भीती वाटली. त्या एका आवाजासाठी मी देवाचे आभार मानले होते, आणि त्यात माझा मुलगाच नव्हता. वर चढलेला सूर मी ओळखते. पण ओठ हलवत नुसता बसलेला माणूस? तोही वेगळाच पडलेला असतो, फक्त ऐकू येत नाही. रोजा धरून दिवसभर कुढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मीही काही गुरुवार तसे काढले असतील.

"जा, मामाला सांग," मी म्हटलं.

"यम्मा, कोणाला कळलेलं नाही. सांगितलं तर तो मला उतरवेल."

"उतरवू दे. तुझ्या बापाची जागा दुसऱ्याकडे गेली तर मी रडेन आणि गप्प होईन. पण ती रिकामी ठेवून तू तिच्यात बसू नकोस."

माझ्या हातातून बंदूक घेऊन तो मामाकडे चालत गेला. त्यांचं बोलणं इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं. बूशाईबनं ऐकताना मान खाली घातली. मग बंदूक घेतली, नळीत बोट घालून बघितलं. मला वाटलं, आता दुसऱ्या कोणाला हाक मारणार. राखीव स्वार पलीकडे खोगिरावर हात टेकून तयारच होता.

बूशाईबनं जिलालीला तुकडीतून काढलं नाही. त्याच्या जागी ठेवलंही नाही. सगळ्यांदेखत वाटपाच्या पिशवीतून बारूद काढून स्वतः त्याच्या बंदुकीत भरली, आणि त्याला रांगेच्या अगदी टोकाला, नवशिक्याच्या जागी नेऊन उभं केलं. मआतींच्या जागेवर राखीव स्वार चढला, आणि टोकाचा नवशिका या फेरीपुरता बाहेर थांबला.

"जागा गेली," तामू पुटपुटली.

"हो."

"आणि तू गप्प?"

"रडतेय, दिसत नाही का?"

हाळी आली. या वेळी मी मुलाला शोधलं नाही. कोणता बार कोणाचा, हे ऐकायचंच नाही असं ठरवून बसले, आणि ते रोज्यापेक्षा अवघड गेलं. बंदुका उठल्या. बार झाला. जमीन हलली, पक्षी उडाले.

"एक?" तामूनं विचारलं.

"एक."

"तुझ्याचा होता त्यात?"

"माहीत नाही गं."

आमची तुकडी दुसरी आली. जिलाली मगरिबच्या सुमारास तंबूत आला, माझ्यासमोर वाकला आणि माझ्या हाताला ओठ टेकवले. त्याच्या केसांना बारुदीचा वास होता, गालावर काळा डाग. मी तो पुसला नाही. अजान झाली. त्यानंच खजुराची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"मामा म्हणाला, पुढच्या वर्षीही टोकालाच," तो म्हणाला.

"मग टोकाला," मी म्हटलं, आणि रोजा सोडला.