डॅडींना एकही काडतूस पसंत पडेना

सलग पाचव्या शनिवारी मी सकाळी सातला घर सोडलं, दीड तास गाडी हाकली आणि कच्च्या रस्त्याच्या टोकाला आईवडिलांच्या घरासमोर येऊन थांबले. डॅडी पायरीवर तयार बसलेलेच होते. डोक्यावर टोपी, मांडीवर बुटांचा खोका. खोक्यात त्यांचं छोटं पिस्तूल आणि काडतुसांच्या चार डब्या. लाल, काळी, निळी आणि चंदेरी. चारही अर्धवट वापरलेल्या.

“ही चंदेरीसुद्धा भिकार निघाली,” ते गाडीत बसता बसता म्हणाले.

“आधी कशी आहेस ते तरी विचारा.”

“कशी आहेस?”

“वैतागलेय.”

“हं. तर ही चंदेरी. पहिली गोळी सुटते, दुसरी अडकते. काल सकाळीच परसात अडकली. आज दुकानात हर्शलला तोंडावर सांगणार आहे मी, की बाबा, असला माल ठेवत जाऊ नकोस.”

दर शनिवारी हेच वाक्य मी ऐकलं होतं. फक्त डबीचा रंग बदलत होता. सोमवार ते शुक्रवार मी स्प्रिंगफील्डला दातांच्या दवाखान्यात लोकांचे विम्याचे कागद भरते, आणि शनिवारी मला झोपायचं असतं. पण डॅडींचे डोळे हल्ली हमरस्त्यावर दगा देतात, आणि फोनवर ते इतकं शांतपणे म्हणतात, “नसेल जमत तर राहू दे, मी हळूहळू जातो चालवत,” की मुकाट गाडी काढावी लागते. डॅडींची, म्हणजे आर्लिस मॅबरींची, ही जुनी खोड आहे. मागायचं काही नाही आणि नाही म्हणायची सोयही ठेवायची नाही.

हे सगळं सुरू झालं ऑक्टोबरात. शेजारच्या ओथा पिकार्डच्या घरात भर दुपारी दोन जण घुसले. शेजारची म्हणजे पाऊण मैलावरची. तिच्या बोटातली अंगठी निघेना, म्हणून त्यांनी तिचं मनगट मोडलं. शेरीफचा माणूस पन्नास मिनिटांनी उगवला. आमची आई, नोमा, वॉकर धरून चालते, नाकाला प्राणवायूची नळी असते. स्वयंपाकघरापासून झोपायच्या खोलीपर्यंत जायला तिला चार मिनिटं लागतात. मी त्याच रात्री फोन करून सांगितलं, दोघं माझ्याकडे या, खालची खोली देते.

डॅडी म्हणाले, “ज्या दिवशी मला नोमाचं रक्षण करता येणार नाही, त्या दिवशी येतो.”

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हे पिस्तूल घेतलं. घरात दुनळी बंदूक होती, पण ती कपाटात, आणि डॅडी दिवसभर परसात. त्यांना काहीतरी असं हवं होतं की जे बागेत खुरपताना, टपाल आणताना, गवत कापताना कमरेला राहील. पिस्तूल पसंत करायला त्यांना वीस मिनिटं लागली. काडतूस पसंत करायला हिवाळा सरला, त्यातले शेवटचे पाच शनिवार माझेही गेले, तरी काम संपलं नव्हतं.

हर्शल नॅपियरचं दुकान अर्धं बंदुकांचं आणि अर्धं मासेमारीचं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला आमिषाच्या जिवंत माशांचं टाकं, उजव्या हाताला काडतुसांचं कपाट, आणि मध्ये गल्ला. गल्ल्याशी शनिवारी सकाळी कोणी ना कोणी कॉफीचा पेला धरून उभा असतोच, आणि विषय निघाला की त्याचं मत तयार असतं. त्या दिवशी शिकारी टोपी घातलेला एक लठ्ठ गृहस्थ होता.

“एकशे पंधरा ग्रेन वजनाची गोळी घेऊच नका,” डॅडींनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. “हलकी पडते. आत शिरते आणि तिथेच बसते. एकशे सत्तेचाळीस घ्या.”

“जड गोळी एवढ्याशा नळीतून सुटली की जोर कुठे राहतो?” डॅडी म्हणाले. “टोकाचा खळगा आत शिरल्यावर फुलायला हवा की नको? नाही फुलला तर ती सरळ पलीकडे जाणार. पलीकडे पातळ भिंत आहे आणि भिंतीमागे माझी बायको.”

“म्हणून एकशे चोवीस,” हर्शल म्हणाला. “आर्लिस, मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.”

“पहिल्या दिवशी तू लाल दिलीस.”

“लाल एकशे चोवीसच होती.”

“ती अडकली.”

मग हर्शलने कपाटामागून तो तक्ता काढला. मला तो आता पाठ झाला होता. माणसाच्या मांसाइतक्या घट्ट जेलीच्या ठोकळ्यावर गोळी झाडतात, आणि ती किती आत गेली ते मोजतात. बारा इंचांच्या आत थांबली तर कमी, अठराच्या पुढे गेली तर जास्त. आणि जेलीवर म्हणे जीन्सच्या कापडाचे चार थर घालतात.

“चार जीन्स घालून कोण येणार आहे?” मी विचारलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये शिंकले. मग पुन्हा तक्त्यात डोकी घातली. साडेबारा, पावणेचौदा, सोळा. लठ्ठ गृहस्थाच्या मेव्हण्याने म्हणे एका रानडुकरावर निळी डबी वापरली होती, आणि ते डुक्कर हसत निघून गेलं. डॅडी म्हणाले, निळीबद्दल माझंही तेच मत आहे. हे गुऱ्हाळ पाऊण तास चाललं. माझी कॉफी गार झाली, फोन मेला, आणि टाक्यातला पंप बुडबुडत राहिला. चाळीस वर्षं तालुक्याचे रस्ते करण्यात घालवलेला हा माणूस. रस्ता सपाट करायचा अवजड ग्रेडर डोंगराच्या कडेने असा चालवायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. आणि आता वीस काडतुसांची एक डबी त्याला निवडता येत नव्हती.

शेवटी हर्शलने हिरवी डबी काढून काचेवर ठेवली. “ही माझ्याकडे उरलेली शेवटची जात. याच्यापुढे माझ्याकडे दगडच आहेत. मागे जाऊन झाडून बघ. पसंत पडली तरच पैसे.”

आधीचे चार शनिवार डॅडी आणि हर्शल मागच्या मैदानात जात, आणि मी गाडीत बसून फोन चाळत असे. पण आज फोन मेलेला होता, आणि माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, आज मी स्वतः बघणार. ही हिरवी चालते हे माझ्या डोळ्यांनी बघणार, डबी घेणार, आणि पुन्हा अडकली-बिडकली हा शब्द ऐकून घेणार नाही.

“मीपण येते,” मी म्हटलं.

“तुझं काय काम तिथे?” डॅडी म्हणाले. “गाडीत बस. पाच मिनिटांत येतो.”

“मिस्टर हर्शल, मला कानांवर लावायला काहीतरी द्या.”

हर्शलने डॅडींकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. मग त्याने खुंटीवरचे जाड टोप काढून माझ्या हातात दिले.

दुकानामागे मातीचा उंच बांध आहे. बांधासमोर पुठ्ठ्याच्या आकृत्या, आणि अलीकडे लाकडी ओटा. डॅडींनी सात काडतुसं पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये भरायला घेतली. तिसरं त्यांच्या बोटांतून दोनदा निसटलं. मी पुढे झाले, तर हर्शलने माझ्या दंडावर हात ठेवला. मॅगझिन आत बसलं. आता पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचायची. डॅडींनी पिस्तूल पोटाशी धरलं, आणि वाट बघितली. हर्शल पुढे झाला, नेम बांधाकडेच ठेवून त्याने स्लाइड खटकन मागेपुढे केली, आणि पिस्तूल त्यांच्या हातात परत दिलं. हे रोजचंच असल्यासारखं झालं.

डॅडींनी नेम धरला. गोळी सुटली. पुठ्ठ्याच्या छातीत, अगदी मध्यावर. पण त्यांची मूठ मनगटातून वर उडाली, बिजागरीतून दार सुटावं तशी, आणि दुसरी गोळी सुटलीच नाही. रिकामी पुंगळी स्लाइडच्या तोंडात उभी अडकलेली होती.

“बघितलंस?” डॅडी म्हणाले. “हिरवीपण भिकार.”

हर्शलने पिस्तूल घेतलं, मोकळं केलं, परत दिलं. एक गोळी, आणि पुन्हा अडकली. तिसऱ्या वेळीही तेच.

“आणा इकडे,” मी म्हटलं. मी नऊ वर्षांची असताना त्यांनीच मला शिकवलं होतं, कुंपणावर मक्याच्या दाण्यांचे रिकामे डबे मांडून. “बघू द्या मला या डबीत काय भूत बसलंय.”

हर्शल म्हणाला, “डेला, राहू दे.”

मी ऐकलं नाही. मी वैतागलेली होते, आणि वैतागलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. सात काडतुसं भरली, स्लाइड ओढली, मूठ आवळली आणि झाडली. सातच्या सात. मध्ये एकदाही अडकलं नाही. मग बुटांच्या खोक्यातली चंदेरी घेतली. सात. निळी. सात. तेव्हा कुठे मला कळायला लागलं की मी काय करतेय, आणि काळ्या डबीकडे गेलेला हात मी मागे घेतला.

डॅडी ओट्याला टेकून उभे होते. त्यांचा उजवा हात ओव्हरऑलच्या खिशात होता.

“नेम चांगला आहे अजून तुझा,” ते म्हणाले. “मी गाडीत बसतो.”

ते गेल्यावर मी हर्शलवर धावून गेले. “तुम्हाला माहीत होतं.”

“दुसऱ्या शनिवारी कळलं,” तो खाली पडलेल्या पुंगळ्या वेचत म्हणाला. “स्लाइड पूर्ण मागे जायला मागे काहीतरी घट्ट लागतं, पोरी. हात ढिला पडला की ती अर्ध्यात थांबते. काडतुसाचा काही दोष नसतो.”

“मग सांगितलं का नाही? पाच आठवडे मी दीड-दीड तास गाडी हाकतेय. तुम्ही त्यांना जेलीचे तक्ते दाखवत बसलात.”

“आर्लिसला सांगू? पुराच्या वर्षी माझं दुकान वाहून जात होतं, तेव्हा त्याने ग्रेडर आणून तो बांध घातला. त्या माणसाला मी सांगू की बाबा, तुझ्या हातात आता दम नाही?” तो उभा राहिला. “तू सांग. तू मुलगी आहेस.”

मला सांगायचंच होतं. ऑक्टोबरपासून मला हेच तर सिद्ध करायचं होतं. तुमच्याने होत नाही डॅडी, सामान बांधा. आता पुरावा माझ्या हातात होता आणि तो मला नको झाला होता. मला इतकी लाज वाटत होती की गाडीचं दार उघडायला मी उगाच वेळ लावला.

गाडी हमरस्त्याला लागली.

“तुम्हाला कधीपासून कळलं होतं?” मी शेवटी विचारलं.

“नोव्हेंबरपासून. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात. टर्की कापताना सुरी हातातून सुटली. तुझी आई म्हणाली, तेलकट असेल.”

“मग या सगळ्या डब्या कशाला घेतल्या? माहीत असताना?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “वाटलं, कमी धक्क्याची एखादी मिळेल. हर्शल म्हणायचा, ही मऊ आहे, ती आणखी मऊ आहे. एखादी तरी माझ्या हाताने चालेल, असं वाटलं.”

“आणि नाही चालली तर? मधल्या काळात कोणी आलं असतं तर, डॅडी? एक गोळी आणि मग काय?”

“ठरवलं होतं ना. एक झाडायची आणि मग दारात उभं राहायचं. मी बऱ्यापैकी रुंद आहे. त्यांना मला बाजूला करायला वेळ लागेल, तेवढ्यात नोमा मागच्या दाराने निघेल.”

“आईला स्वयंपाकघरातून खोलीत जायला चार मिनिटं लागतात.”

“मी मोजलंय,” डॅडी म्हणाले. “मागच्या दारापर्यंत सहा.”

मला पुढचा रस्ता दिसेना. मी गाडी कडेला, एका गोठ्याच्या फाटकापाशी घेतली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले. पाच शनिवार मी ज्याला कटकट म्हणत होते, ती ही होती. हा माणूस मनातल्या मनात सहा मिनिटं दारात उभा होता, आणि मी त्याला विचारत होते, चार जीन्स घालून कोण येणार आहे.

त्यांनी मला रडू दिलं. मग बुटांचा खोका मांडीवरून उचलून मागच्या सीटवर ठेवला, आणि डाव्या हाताने नीट ढकलून दिला.

“तुझी ती खालची खोली,” ते म्हणाले. “तिच्या न्हाणीला उंबरा आहे का? वॉकर अडकतो.”

“काढून घेते.”

“घे काढून.” ते माझ्याकडे वळले. “नोमाला मी सांगतो. तू मध्ये बोलायचं नाहीस. मी तिला सांगणार की हल्ली चांगली काडतुसंच मिळत नाहीत. हर्शलकडे नाहीत, कुठेच नाहीत. असल्या भरवशावर इथे राहण्यात अर्थ नाही. तिने तुला विचारलं तर काय सांगशील?”

“सांगेन की पाच दुकानं पालथी घातली,” मी म्हटलं. “एकही धड मिळालं नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी गाडी सुरू केली.