सहा महिन्यांची चाचणी

लिफ्टमिस्त्रीच्या घरातलं बाळ चार महिने आणि तीन आठवडे पाळणाघरात जात होतं. दर एक तारखेला त्याची फी चुकती होत होती, दुधाच्या डब्याचे पैसे बाजूला पडत होते, डॉक्टरांची फीसुद्धा. फक्त बाळ तेवढं अजून जन्माला यायचं होतं.

हे खूळ मिस्त्रीचंच. चौदा वर्षं तो लिफ्ट बसवत आणि तपासत आला होता. नवी लिफ्ट माणसांसाठी उघडण्याआधी तिच्यात लोखंडी वजनं भरतात. आठ माणसांची लिफ्ट असेल तर वीस-वीस किलोचे चौतीस ठोकळे, म्हणजे आठ माणसांच्या सव्वापट. मग तिला वर-खाली फिरवायचं, मध्येच ब्रेक मारून बघायचं, आणि ठरलेल्या फेऱ्या सलग पुऱ्या करायच्या. मध्ये वीज गेली, दार अडलं, काहीही झालं, तरी पुन्हा पहिल्या फेरीपासून. सगळं पार पडलं की वहीत लिहायचं, ‘चाचणी पूर्ण. वापर सुरू.’ खाली सही. आणि ज्यानं सही केली त्यानं पहिली फेरी स्वतः मारायची, हा त्याला काम शिकवणाऱ्या आणि आजही कामावर पाठवणाऱ्या उस्तादांचा नियम. आपण चढायला धजत नाही त्या लिफ्टवर सही करायची नाही, असं ते दरडावून सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी बायको म्हणाली, आता मूल होऊ दे. मिस्त्री म्हणाला, “आधी वजनं भरून बघू.”

म्हणजे असं. मूल झाल्यावर महिन्याला जो खर्च येईल तो आत्तापासूनच वेगळ्या खात्यात टाकायचा. पाळणाघर, दूध, लंगोट, औषधं, शिवाय बायकोचा अर्धा पगार, कारण तिला सुट्ट्या पडणार. उरेल त्यात घर चालवायचं. त्या खात्याला सहा महिने सलग हात लावायचा नाही. लागला, तर पुन्हा पहिल्या महिन्यापासून. लिफ्टची असते तशीच एक वही त्यानं फ्रिजशेजारी खिळ्याला टांगली, आणि त्या खात्याचं कार्ड कागदात गुंडाळून, वरून चिकटपट्टी मारून पाकिटात ठेवलं.

बायकोला आधी गंमत वाटली. तिनं त्या कागदावरच्या बाळाचं नाव ठेवलं ‘वीस किलो’. ती टॅक्सी कंपनीत फोनवर बसायची, दिवसभर लोकांना गाड्या पाठवायची, त्यामुळे तिचं तोंड चुरुचुरु चालायचं. “वीस किलोंना आज सर्दी झालीय हो, औषधाचे टाक,” असं ती भाजी चिरता चिरता सांगायची, आणि मिस्त्री खरंच टाकायचा.

पहिली चाचणी तिसऱ्या महिन्यात फ्रिजनं मोडली. दुसरी पाचव्या महिन्यात मोडली, कारण मिस्त्रीचा पाय शिडीवरून घसरला आणि पंधरा दिवस प्लास्टरमध्ये बिनपगारी गेले. दोन्ही वेळा त्यानं वहीत लिहिलं, ‘चाचणी अपूर्ण. पहिल्यापासून.’ आणि दोन्ही वेळा झालेली उधारी फेडून पुन्हा सुरुवात करायला पाच-सहा महिने गेले. मधे सण नाही, सहल नाही, नवी चप्पलसुद्धा नाही. बायको चौतिसाची होती ती छत्तिसाची झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला तोंडावर सांगितलं, आता फार लांबवू नका. तिसऱ्यांदा वहीत ‘महिना पहिला’ लिहिलं गेलं तेव्हा ती हसली नाही. एवढंच म्हणाली, “ही शेवटची. यापुढे मी वाट बघणार नाही.”

मिस्त्री कंजूष होता असं कुणी म्हणेल तर तो अन्याय होईल. तो घाबरट होता. आणि त्याला तसं करून ठेवलं होतं त्याच्या आईनं, तेही अगदी हसत हसत. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मिस्त्री सातव्या महिन्यातच जन्मला, दवाखान्यात दीड महिना काचेच्या पेटीत राहिला, आणि दुकान विकावं लागलं. आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, “हा झाला आणि दुकान गेलं!” पाहुणे हसायचे, वडीलही हसायचे. आठ वर्षांचा असताना हा पोरगा दुकान परत घ्यायला डब्यात नाणी साठवत होता, हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आपल्या मुलाबद्दल असलं वाक्य कुणी कधी बोलता कामा नये, एवढीच त्याची इच्छा होती.

आता पाच आठवडे राहिले होते, आणि मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला होता. फ्रिज जरा घुरघुरला की तो उठून त्याला कान लावायचा. नळ ठिबकला की तो पाना घेऊन धावायचा. दारावर टकटक झाली तरी त्याला वाटायचं, आला खर्च! घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा डोळा होता. एका बायकोकडे तेवढं त्याचं लक्ष नव्हतं.

ती अलीकडे कमी बोलते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एका बाजूनंच चावते, पोळी पाण्यात बुडवून खाते, वीस किलोंची चौकशीही करत नाही. रागावली असेल, असं तो धरून चालला. पाच आठवड्यांनी सगळा राग काढून टाकू, असंही त्यानं मनात ठरवून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी तो विसरलेला वीज मोजायचा मीटर न्यायला घरी आला, तर बायको खुर्चीत बसलेली. ती या वेळी ऑफिसात असायला हवी होती. फडक्यात बर्फ गुंडाळून तिनं गालाला लावला होता, आणि गाल टम्म सुजला होता.

“हे काय?”

“दाढ,” ती अर्ध्या तोंडानं म्हणाली. “फोनवर गिऱ्हाइकांना माझं बोलणंच कळेना. साहेबांनी घरी पाठवलं.”

“कधीपासून दुखतेय?”

“तीन आठवडे झाले.”

“तीन आठवडे! अगं, मग बोलली का नाहीस?”

तिनं वहीकडे बोट केलं. मिस्त्रीनं वहीकडे पाहिलं.

“निदान दुखण्यावरची गोळी तरी घ्यायची. गोळीला असे कितीसे पैसे पडतात?”

“नाही घेतली,” ती म्हणाली, आणि नजर फिरवून बर्फ नीट करायला लागली.

गोळीचेही पैसे वाचवले हिनं, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं मीटर तिथंच टाकला आणि तिला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे निघाला.

दातांच्या डॉक्टर तरुण होत्या, कामाला चटपटीत. त्यांनी आत बघितलं, जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं, तोंडात कापूस भरला आणि म्हणाल्या, “मुळाशी पू झालाय. आधी दाढेचा एक्स-रे फोटो काढावा लागेल. त्याआधी सांगा, दिवस वगैरे गेलेत का? तशी शक्यता आहे?”

“नाही, नाही,” मिस्त्री घाईघाईनं म्हणाला, “त्याला अजून पाच आठवडे आहेत.”

डॉक्टरांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. असं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नसावं.

खुर्चीत आडव्या पडलेल्या बायकोनं दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची चार. मिस्त्रीला वाटलं, ही बिलाचा आकडा सांगतेय की काय. डॉक्टरांना मात्र लगेच कळलं.

“नऊ दिवस वर झालेत?”

बायकोनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

“मग फोटो आत्ता राहू दे,” डॉक्टर म्हणाल्या. “पू काढते, तात्पुरतं भरते. आधी खात्री करून घ्या. पुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारून करू. तुम्ही जरा बाहेर बसा.”

मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसला. त्याला आधी आनंद झाला असता तर किती बरं झालं असतं! पण त्याला भीती वाटली, नुसती भीती. पाच आठवडे कमी. दाढेचे पैसे. दाढेसाठी आणखी तीनदा यावं लागणार, त्याचे पैसे. मग त्याला गोळी आठवली. तीन आठवडे हिनं कळ काढली ती पैशांपायी. पण शेवटचे नऊ दिवस, गाल टम्म सुजला तरी, हिनं गोळीला हात लावला नव्हता तो दुसऱ्याच कारणानं. आपण वजनं मोजत बसलो होतो, आणि ही केव्हाच चढली होती.

बिल आलं. पगाराच्या खात्यात तेवढे नव्हते. त्यानं पाकिटातून ते गुंडाळलेलं कार्ड काढलं. चिकटपट्टी त्यानंच मारलेली, ती नखानं निघेना, शेवटी दातांनी तोडली. काउंटरवरची मुलगी बघत राहिली.

जिन्यात बायको थांबली. भुलीनं तिचं अर्धं तोंड बधिर झालं होतं.

“चिडलास?”

“दाढेचं सांगायचंस ना.”

“दाढेची भीती नव्हती रे मला, तुझीच वाटत होती.” तिनं कठडा धरला. “वाटलं, सांगितलं की तू वहीत लिहिशील, पहिल्यापासून. आणि हे काही पहिल्यापासून करता येत नाही.”

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी घेतली तेव्हा त्यानं किंमत विचारली नाही, हे तिच्या लक्षात आलं.

घरी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दोघं मोरीच्या दारात उभं राहून त्या रेघांकडे बघत होते. ती हसायला गेली, पण एकच बाजू हसली, आणि ते बघून त्याला रडू फुटलं. मग रडता रडताच त्यानं तिला दुकानाची गोष्ट सांगितली, नाण्यांच्या डब्यासकट. ऐकून ती म्हणाली, “आपल्याकडे विकायला दुकानच नाहीये, वेड्या.”

त्यानं खिळ्यावरची वही काढली. पेन उघडलं. मग लिहिलं, ‘चाचणी अपूर्ण.’ बायकोनं श्वास रोखला. त्यापुढे त्यानं लिहिलं, ‘वापर सुरू.’

चौदा वर्षांत ही दोन वाक्यं त्यानं एका ओळीत लिहिली नव्हती. उस्तादांनी बघितली असती तर कानाखाली वाजवली असती. भीती तिळभर कमी झालेली नव्हती.

“सही?” बायको म्हणाली.

त्यानं सही केली.

“सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. सुट्टी टाक. सही तुझी आहे, पहिल्या फेरीला तूच हवास.”

अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार, हे त्याच्या डोक्यात आलंच. तरी त्यानं सोमवारची सुट्टी सांगायला उस्तादांना फोन लावला.